टेंभुर्णीचं बी फ्रिजात?

प्रश्न : काका, राजापूर तालुक्यात सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला, लागून आमची थोडी पडीक जमीन आहे. तिथे रानातल्या प्राण्यापाखरांसाठी टेंभुर्णी लावायची आहे. गेल्या मे महिन्यात फळं वेचून आणली. अमेरिकेतला भाचा म्हणाला, तिकडचं पर्सिमॉन टेंभुर्णीच्याच गोतातलं, त्याचं बी तीन महिने फ्रिजात ठेवून मग पेरतात. तसंच केलं. साठ बियांतली एकही उगवली नाही. शिवाय शेजारी म्हणतात, टेंभुर्णी लावलीत तर वानर आंब्यात घुसतील.
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : भाच्याचं खोटं नाही. तिकडच्या पर्सिमॉनचं फळ थंडीच्या तोंडावर पिकतं, बी हिवाळा सोसतं आणि गारठा मिळाल्यावरच जागं होतं. आपली टेंभुर्णी पिकते वैशाखात, पाठोपाठ मृग. तिला हिवाळा ठाऊकच नाही. तीन महिने फ्रिजात म्हणजे पावसाळा जवळजवळ संपला आणि बीही बहुधा मेलं.

यंदा पूर्ण पिकलेली फळं घ्या. गर राखेत चोळून काढा, बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेका. सावलीत एखादा दिवस सुकवून लगेच पेरा, बोटाच्या पेराएवढं खोल. मी मात्र झाडाखालच्या फळांपेक्षा गडग्यावर (दगडी कुंपणावर) पडलेली कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, विष्ठा आधी बघतो. त्यात बी साफ होऊनच मिळतं. घरचे नाक मुरडतात, मुरडोत.

माझी पहिली खेप वाया गेली ती पिशव्यांमुळे. रोपवाटिकेतल्या नेहमीच्या आखूड पिशव्या घेतल्या. वर चार पानं दिसतात तोवर सोटमूळ खाली पोचून वेटोळं घालून बसलेलं. लावलेल्या चाळीस रोपांतली दुसऱ्या उन्हाळ्याला पाच उरली. तेव्हापासून मी बी थेट जाग्यावरच टोचतो, एका खड्ड्यात दोन-तीन. पिशवीच हवी असेल तर हातभर उंचीची घ्या आणि रोप त्याच पावसाळ्यात जमिनीत घाला. कातळावर नको; जिथे ऐन, किंजळ आपोआप उगवतात तिथे माती पुरेशी असते.

पहिली काही वर्षं उन्हाळ्यात शेंडा वाळेल. मेलं समजून उपटू नका, पावसात बुडातून पुन्हा फुटतं. मी एक असंच उपटलं, तर मूळ जिवंत आणि माझ्या कोपरापर्यंत लांब! गुरं आणि वणवा एवढं सांभाळा. शिमग्याआधी भोवतालचं गवत कापून टाका.

आणि एक-दोन झाडांवर भागवू नका. टेंभुर्णीत नर-मादी झाडं वेगळी. कुठलं काय हे फुलावर आल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला बरीच वर्षं लागतात. निदान दहा-बारा तरी जवळजवळ वाढू द्या. नर झाडाला फळ नाही म्हणून कुऱ्हाड लावणारे मी पाहिलेत. पुढे मादीही वांझ राहते.

वानरांचं म्हणाल तर शेजारी अर्धे बरोबर आहेत. टेंभुर्णी आणि हापूस एकाच हंगामात पिकतात, त्यामुळे टेंभुर्णी खाऊन वानर आंबा सोडेल ही आशा नको. झाडं बागेच्या कुंपणाला नको, सड्याकडच्या टोकाला लावा. वानर तसंही तुमच्या बागेत येतंच आहे ना?