आंब्यासारखं नारळाचं कलम का बांधता येत नाही? घरी करायची काही सोपी पद्धत आहे का?

नाही येत, आणि घरी किंवा नर्सरीत करता येईल अशी सोपी काय अवघडही पद्धत नाही. कोणी बाणवलीवर, म्हणजे नारळाच्या उंच जातीवर, बुटक्या जातीची काडी बसवून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. आमची घरची आंबा-काजूची नर्सरी आहे, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

कलम जुळतं ते साल आणि लाकूड यांच्या मधल्या कॅम्बियम नावाच्या पातळ थरामुळे. कोवळ्या खुंटाची, म्हणजे ज्यावर काडी बांधतात त्या रोपाची, साल नखाने सोलली की खाली ओलसर, बुळबुळीत लागतं ना, तिथेच तो असतो. आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेर साल तोच बनवतो, म्हणून आंब्याचं खोड जाड होत जातं. काडीचा थर खुंटाच्या थराला भिडला आणि वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बसली की दोन्हीकडून नवीन पेशी येऊन फट भरते, मग पाणी नेणाऱ्या नळ्या जोडल्या जातात. काडी बारीक असेल तर एका कडेला तरी थर जुळवायचा, मधोमध बसवलेली काडी वाळते.

माडात हा थरच नाही. पडलेला माड करवतीने आडवा कापून बघा, नुसते तपकिरी ठिपके दिसतात, कडेला दाट आणि मध्ये विरळ, प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांची एक जुडी. वलयं नाहीत, सोलून निघेल अशी साल नाही, मग जुळवणार कशाला काय? आणि काडी तरी कुठून आणणार, पानांच्या बेचक्यात फक्त पोय, म्हणजे फुलोरा, येते, फांदीचा डोळा नसतो, सगळी वाढ एका शेंड्यातून, तो कापला की माड मेला.

आमच्या मोठ्या काकांना हेच पटत नाही. चढायला बरं म्हणून त्यांनी आगरातल्या माडांना कोयत्याने खाचा मारून घेतल्या, म्हणे आंब्याची फांदी तोडली तरी जखम भरते, माडाचीही भरेल. अहो काका, आंब्याची जखम कॅम्बियममुळे कडेकडेने झाकत येते, माडाची खाच मारली त्या दिवशी होती तेवढीच खोल राहते आणि तेवढ्याच उंचीवर, गुडघ्याजवळची खाच माड दुप्पट उंच झाला तरी गुडघ्याजवळच. पावसाचं पाणी साचून ती कुजते आणि सोंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो. त्यांच्या विहिरीजवळच्या माडाच्या खाचेतून तांबूस चिकट रस गळत होता, खोडाला कान लावला तर आत अळ्या कुरतडताना ऐकू येत होत्या, तरी ते म्हणाले उन्हाने होतं असं. तो माड पुढे वाऱ्यात त्याच खाचेशी मोडला आणि दोष गेला वाऱ्याला!

तुम्हाला चांगली जात हवी असेल तर खात्रीच्या नर्सरीतून टी बाय डी, म्हणजे उंच आणि बुटक्या जातीचं, संकरित रोप घ्या, तो संकर फुलावर परागकण टाकून करतात, खोड जोडून नाही. बाणवलीचा नारळ रुजवलात तर रोप अगदी आईसारखंच निघेल याची खात्री नाही, कारण पराग बहुतेक दुसऱ्या माडाचा असतो.

बाकी खाचा मारलेले माड वर्षानुवर्षं उभे असतात हेही खरं, प्रत्येकात सोंड्या शिरतोच असं नाही. पण चढायचं यंत्र मिळतं, शिडी मिळते, मग खोडाला भोकं कशाला? पाडेल्याला आधीच स्पष्ट सांगा, माडाला कोयता लावायचा तो फक्त नारळांच्या घोसाला.