छत वर घेताना : जुन्या बोटीच्या हार्डटॉपविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी ८ मीटरची जुनी फायबरची बोट आहे. हार्डटॉप (बोटीवरचे कडक, पक्के छत) चार ॲल्युमिनियमच्या पायांवर उभा आहे. आत १७८ सेंमी उंची मिळते आणि मी १८३ सेंमी आहे. पायांखाली १५ सेंमीचे ठोकळे घालावेत असा विचार आहे. पण बोट वरून जड होऊन कलंडेल, असे काहींचे म्हणणे आहे.

उत्तर : आधी आकडा नक्की करू. १८३ अधिक बुटाचे २ आणि लाटेवर उसळताना डोके आपटू नये म्हणून ५, म्हणजे १९० सेंमी. तुम्हाला १२ सेंमी हवे आहेत, १५ नव्हे. आतून अस्तर किंवा खोटे छत लावलेले असेल तर त्याचा एक तुकडा काढून पाहा. त्यामागे ३-४ सेंमी पोकळी निघाली तर अर्धी लढाई तिथेच संपते.

कलंडण्याची भीती आहे, पण ती चुकीच्या जागी. हार्डटॉप ९० किलोचा आणि भरलेली बोट ३५०० किलोची धरा. ९० गुणिले ०.१२ भागिले ३५०० केले की गुरुत्वमध्य जेमतेम ३ मिमी वर गेलेला दिसतो. आता त्याच छतावर सौर पॅनेल, रडार आणि सामानाची जाळी असे ६० किलो नवे ओझे चढवा. ते गुरुत्वमध्यापासून १.८ मीटर उंचीवर असेल तर गुरुत्वमध्य ३० मिमी सरकतो, म्हणजे दहापट. दोन माणसे छतावर चढली तर ८० मिमीच्या पुढे. तेव्हा छत उचलण्याची काळजी कमी करा आणि उचललेल्या छतावर पुढे काय काय जमा होते याची जास्त.

शंका राहिली तर काम सुरू करण्यापूर्वी एक मोजमाप घेऊन ठेवा. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, एका काठावर लयीत दाब देत बोट डोलवा. मग दाब थांबवून ५ पूर्ण हेलकाव्यांचा वेळ घ्या. छत चढवल्यावर तेवढेच इंधन आणि तेवढेच पाणी भरून हीच मोजणी पुन्हा करा. १२ सेकंदांचे १३ झाले, तर सुरुवातीची स्थिरता, म्हणजे थोडी कललेली बोट सरळ करणारी ताकद, ढोबळमानाने १५ टक्क्यांनी घटली. आधीच संथ, रेंगाळत डोलणाऱ्या बोटीला एवढी घटही महागात पडते. झटकन सरळ होणाऱ्या रुंद बोटीत ती खपून जाते.

खरी अडचण पायांच्या ताठपणात आहे. पाय किती वाकतो हे त्याच्या लांबीच्या घनावर ठरते. ६० सेंमीचा पाय ७२ सेंमीचा झाला की लांबी फक्त २० टक्के वाढते, पण तेवढ्याच धक्क्याला छत ७० टक्क्यांहून जास्त हलते. शिवाय छताची स्वतःची थरथर सुमारे पाव पटीने संथ होते आणि कधी कधी ती नेमकी इंजिनाच्या मंद गतीशी जुळते. मग इंजिन नुसते चालू ठेवले तरी छत खडखडू लागते आणि लोक दोष इंजिनाला देतात.

म्हणून ठोकळे नकोत. ठोकळा पायाला लांब करतो पण जाड करत नाही, आणि सगळा ताण तळाच्या चार बोल्टांवर आणतो. लाकडी ठोकळा तर कालांतराने दबतो, बोल्ट ढिले पडतात आणि तिथूनच पाणी आत शिरते. नवे अखंड पाय करा. जुना पाइप ३८ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा असेल तर त्याच जाडीचा ४८ मिमीचा घ्या. मीटरमागे वजन तीस टक्क्यांच्या आत वाढते, ताठपणा दुपटीहून जास्त होतो, आणि वाढलेल्या लांबीची भरपाई होऊन थोडा उरतोही. मागच्या दोन पायांना एकेक तिरका टेकू दिला तर फारच उत्तम.

जुन्याच पायांना मधे जोड द्यायचा असेल तर वेल्डिंगवर भिस्त ठेवू नका. ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने सुमारे ३१० मेगापास्कलवरून १६५ च्या आसपास येते. मोठ्या धक्क्याला पाय तिथेच दुमडू शकतो. आतून घट्ट बसणारी नळी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या किमान अडीचपट आत शिरणारी, आणि आरपार बोल्ट हा जोड जास्त भरवशाचा. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यात गंजरोधक लेप हवाच, नाहीतर दोन-तीन हंगामांत भोकाभोवती पांढरी पूड दिसू लागते.

वारा छताला वर उचलतो, त्या उचलीचाही विचार करा. २५ नॉटने (नॉट हे बोटीच्या आणि वाऱ्याच्या वेगाचे माप) धावताना समोरून २० नॉटचा वारा आला तर छताला ४५ नॉटचा वारा लागतो. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३३० न्यूटन. बोटीचे नाक वर असताना ५ चौरस मीटरच्या छताला शंभर किलोहून जास्त उचल मिळू शकते. फायबरमध्ये पिळलेले स्क्रू इथे चालत नाहीत. ८ मिमीचे आरपार बोल्ट आणि खालून ६ मिमी जाडीची, तळहाताएवढी पाठपट्टी लावा.

कापाकापीआधी बूट घालून स्टिअरिंगपाशी उभे राहा. डोळे डोक्याच्या माथ्यापासून ११-१२ सेंमी खाली असतात. आज तुम्ही वाकून काचेतून पाहता. छत वर गेल्यावर ताठ उभे राहाल तेव्हा काचेची वरची चौकट नेमकी डोळ्यांसमोर आली, तर क्षितिजच झाकले जाईल. ही चूक काम संपल्यावरच लक्षात येते.

प्रश्न : माझ्या बोटीला पाय नाहीत. केबिनच्या भिंती आणि छत फायबरचे एकसंध आहे. १२ सेंमी उंची वाढवायला आडवे कापून मधे पट्टी घालता येईल का? कुठे कापावे?

उत्तर : येईल. कुठे कापायचे यावर अर्धे यश ठरते. खिडक्यांच्या वर, छताच्या वळणाआधी ६-८ सेंमीची सरळ पट्टी असेल तर तिथे कापणे सोपे. काचा तशाच राहतात. पण उभे राहून चालवत असाल तर डोळ्यांसमोर भिंत येते. खिडक्यांच्या मधून कापले तर नजर मोकळी राहते, मात्र सगळ्या काचा नव्या कराव्या लागतात. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप चौकट पूर्ण झाल्यावरच द्या, कागदावरच्या आराखड्यावरून नव्हे. बसून चालवणाऱ्याने पहिला मार्ग घ्यावा, उभ्याने चालवणाऱ्याने दुसरा. दोन्हींच्या मधला तिसरा मार्ग शोधण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट भिंतींच्या कलाची. भिंत आतल्या बाजूला ६ अंश झुकलेली असेल तर १२ सेंमी उचलल्यावर वरचा आणि खालचा भाग प्रत्येक बाजूला सव्वा सेंमीने हुकतो. पुढच्या काचेचे खांब उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेले असतील तर तिथे फरक ७ सेंमीचा. छत सरळ वर उचलले की या खांबांना कोपर येते आणि ते आयुष्यभर खुपते. छत ७ सेंमी मागे सरकवत उचला आणि बाजूच्या पट्ट्या तिरक्या बसवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून पाहणे शहाणपणाचे.

बोट जमिनीवर, टेकूंवर आणि पाणसळीत हवी. खांबांतून गेलेल्या दिव्यांच्या आणि अँटेनाच्या तारा सोडवा. कापण्यापूर्वी भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन-तीन फळ्या आडव्या ठोका. छत हे भिंतींना बांधून ठेवणारे झाकण असते, ते सुटताच भिंती काही मिलिमीटर फाकतात. कापाच्या वर-खाली खुणेच्या रेषा आखा, कर्ण मोजून लिहून ठेवा. छताखाली रुंद फळ्या देऊन चार स्क्रू-जॅक लावा, पण जॅकचा पाय केबिनच्या फळीवर नको, तिच्याखालच्या तुळयांवर हवा. पातळ चकतीने कापा. मग एकेका कोपऱ्याला एकदम १ सेंमीपेक्षा जास्त न उचलता फेरीने वर घ्या. कोपऱ्याकोपऱ्यांत फरक पडला की छताला पीळ बसतो.

जोडाची तयारी हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. भिंत ५ मिमी जाड असेल तर कापाच्या दोन्ही बाजूंना ६० मिमी रुंदीचा उतार घासा, म्हणजे एकास बारा. उतार कमी केला तर जोड दिसायला नीट दिसतो, पण लाटांच्या माराने केसासारख्या बारीक रेषेत उघडतो. आतून मेण लावलेला गुळगुळीत बोर्ड टेकवा आणि बाहेरून फायबरचे थर चढवा. पुढचे थर बोर्ड काढून आतून.

जुन्या फायबरमधल्या पॉलिएस्टर राळेवर इपॉक्सी ही राळ चांगली चिकटते, म्हणून जोडाला तीच वापरा. मात्र तिच्याबरोबर साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) घेऊ नका. मॅटचे धागे बांधणारा चिकटा पॉलिएस्टर राळेतल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे मॅट कडकच राहते आणि हवेचे फुगे अडकतात. चौरस मीटरला ६०० ग्रॅमचे, शिवलेले तिरक्या धाग्यांचे काचेचे कापड घ्या. एक थर ०.६ ते ०.७ मिमी, म्हणजे ५ मिमीसाठी आठ थर. पुढची आणि दोन बाजूंची भिंत मिळून ६.८ मीटर लांबी आणि सरासरी १८ सेंमी रुंदी धरली तर सुमारे १० चौरस मीटर कापड लागते, वजनाने ६ किलो. इपॉक्सीही तेवढेच, अधिक वाया जाणारे, असे ७-८ किलो. एका वेळी ३००-४०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटात ओता. डब्यात ठेवलेला माल तापून धूर सोडतो. सुकलेल्या थरावर मेणचट साय येते. ती आधी पाणी आणि खरखरीत पॅडने धुवा, मगच घासा. उलट क्रमाने केले तर साय घासपेपरने आत दाबली जाते आणि पुढचा थर सुटतो. शेवटी वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावा.

प्रश्न : छत उचलण्याआधी भोक पाडले तर आतून तपकिरी पाणी आले. आधी उचलू की आधी दुरुस्ती?

उत्तर : दुरुस्ती. फायबरच्या दोन थरांमधला लाकडी गाभा कुजलेला असेल तर छत जॅकवर वाकते. नाण्याने ठोकत जा. खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तिथे गाभा सुटलेला आहे. त्या भागावर पेन्सिलने वेढा काढा आणि खालच्या बाजूचा थर कापून काढा, म्हणजे वरचा चकचकीत पृष्ठभाग शाबूत राहतो. ओले लाकूड खरवडून काढून महिनाभर वारा लागू द्या, मग घनमीटरला ८० किलो घनतेचा बंद पेशींचा फोम बसवा. इंजेक्शनने इपॉक्सी भरण्याचा सोपा उपाय बऱ्याचदा सुचवला जातो. ओल्या गाभ्यात तो टिकत नाही. पाणी आले कुठून, तर बोल्टांच्या भोकांतून. प्रत्येक ८ मिमी बोल्टासाठी १४ मिमी भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरा आणि त्यातून ८ मिमी पुन्हा पाडा. मग सील सुटले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : मला फक्त स्टिअरिंगपाशी ४-५ सेंमी कमी पडतात. एवढ्यासाठी अख्खे छत उचलावे का?

उत्तर : नाही. तिथली फळी खाली घ्या. फळी तुळयांवर टेकलेली असेल आणि खाली इंधनटाकी किंवा नळ्या नसतील तर तेवढ्या भागात खड्डा करता येतो, आणि वजन उलट खालीच जाते. डेक स्वतःहून पाणी बाहेर टाकणारा असेल तर मात्र खड्डा पाण्याच्या पातळीच्या वरच राहायला हवा. तसे जमत नसेल तर छतात उघडणारी झडप बसवा, पण बंद असताना डोके लागेलच हे लक्षात ठेवा.

प्रश्न : छत वर घेतल्यावर काच आणि छत यांच्यातली फट ॲक्रिलिकने बंद केली. पहिल्याच उन्हाळ्यात स्क्रूंपाशी तडे गेले.

उत्तर : ॲक्रिलिक मीटरला, दर अंशाला ०.०७ मिमी पसरते. १.२ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सव्वातीन मिमी लांबते. तिला जागा नव्हती म्हणून ती फुटली. नव्या पट्टीला टोकांना मिळून ५ मिमी मोकळीक द्या. ५ मिमी स्क्रूला ८ मिमी भोक, खाली रबराचा वॉशर आणि सपाट डोक्याचा स्क्रू घ्या. शंकूच्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा फाकवतो. पुसायला ॲसिटोन वापरू नका, त्यानेही तडे जातात.

प्रश्न : आता धावताना मागून धुराचा वास आत येतो. पूर्वी येत नव्हता.

उत्तर : उंच छतामागे हवेची पोकळी मोठी होते आणि ती धूर पुढे ओढते. बाजूचे पडदे लावून मागची बाजू उघडी ठेवली की त्रास वाढतो. हे केवळ वासाचे प्रकरण नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. डोके दुखू लागले तर ते ऊन समजू नका. पुढची एक काच किंवा झडप उघडी ठेवा, म्हणजे हवा समोरून मागे वाहील. बोटीसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

जाता जाता याच बोटीच्या दिव्यांकडेही पाहून घ्या. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक बोटीचा पांढरा दिवा बाजूच्या लाल-हिरव्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर वर असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाल-हिरवे दिवे छताच्या कडेला असतील आणि पांढरा दिवा वेगळ्या दांडीवर असेल, तर छत वर जाताच हे अंतर तेवढ्याच मापाने घटते. दांडीही तेवढीच लांब करावी लागेल.