होमगार्डचा अंतर्गत सुरक्षेत खरोखर काही उपयोग असतो, की ते केवळ बंदोबस्तापुरते असतात? नोकरी सांभाळून भरती व्हावे का?

आपल्या प्रश्नातील ‘केवळ बंदोबस्तापुरते’ हे शब्द वाचले आणि राहवले नाही. नोकरी सांभाळून मी अनेक वर्षे गृहरक्षक दलात, म्हणजेच होमगार्डमध्ये, सेवा केली आहे, आणि सैन्यातून निवृत्त झालेले आमचे थोरले मेव्हणे प्रत्येक सणावाराला चारचौघांत मला हेच ऐकवत आले आहेत.

मुळात हे दल जन्माला आले तेच बंदोबस्तासाठी. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या काळात, मुंबई प्रांतात पोलिसांच्या मदतीसाठी नागरिकांचे स्वयंसेवी दल म्हणून ते उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. सीमेवरील काही राज्यांत या दलाच्या सीमा तुकड्याही आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र यात्रा, मिरवणुका, निवडणुका आणि पूर आले.

एका आषाढीला माझी नेमणूक पंढरपुरात पत्राशेडजवळ दर्शनबारीवर, म्हणजे दर्शनाच्या रांगेवर, होती. नुकतीच सर येऊन गेली होती, वारकरी डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन उभे होते, आणि बांबूच्या कठड्याला टेकून एक निळी पिशवी पडली होती. तिची चेन तुटलेली आणि तोंड सुतळीने बांधलेले. कोणाची आहे म्हणून विचारले, तर कोणी बोलेना. तेथे मी शिट्टी फुंकून ओरडलो असतो तर काय झाले असते, हे सांगायला सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीची यात्रा पुरेशी आहे. २५ जानेवारी २००५ रोजी तेथील चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक गेले, आणि तेथे कोणी बॉम्ब ठेवलेला नव्हता. म्हणून ‘माउली, पुढं निसरडं झालंय, जरा थांबा’ एवढेच म्हणत मी दोरखंड आडवा धरून बारी तोडली, पिशवीच्या पुढच्यांना पुढे सरकवले, मागच्यांना मागे घेऊन खाली बसवले आणि जोडीदाराला पोलीस चौकीकडे पिटाळले. बॉम्बशोधक पथक श्वानासह येईपर्यंत त्या लोकांनी अभंग धरला होता. पिशवीत ओले धोतर, टाळ आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा निघाला. बारी पुन्हा सुरू झाली तेव्हा मागच्या शेडमधल्यांना काही घडल्याची गंधवार्ताही नव्हती.

मेव्हण्यांचा शेरा ठरलेला: ‘म्हणजे चटणीच निघाली ना!’ त्यांच्या सेवेविषयी मला आदर आहे, परंतु समोर शत्रू दिसल्याशिवाय सुरक्षा होत नाही, ही त्यांची समजूत साफ चुकीची आहे. सीमेवर गर्दीला आवरायचे नसते. येथे गर्दी हाच अर्धा धोका असतो आणि तिला न बिथरवता हलवणे हेच काम असते. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला कायद्याने पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळते, ते काही शोभेसाठी नाही. २६/११ च्या हल्ल्यात प्राण गेलेल्यांत एक होमगार्डही होता, हे मेव्हण्यांना मी एकदाच सांगितले. त्यानंतर त्यांनी विषय बदलला.

राहिला भरतीचा प्रश्न. नोकरी सांभाळून हे जमते, मात्र साहेब बंदोबस्ताला सोडणारा हवा. ही कायम नोकरी नाही. जितके दिवस कर्तव्य, तितक्याच दिवसांचा भत्ता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पोलिसाच्या किमान वेतनाशी हा भत्ता जोडण्यास सांगितले होते. आपल्याकडे तो ५७० रुपयांवरून १०८३ रुपयांवर जायला २०२४ उजाडले. आपण पोलीस भरतीची तयारी करत असाल तर होमगार्डसाठीच्या ५ टक्के समांतर आरक्षणाचा (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखून ठेवलेल्या जागांचा) उपयोग होईल, अर्थात त्यासाठी आधी काही वर्षांची सेवा भरावी लागते. शिवाय आमचे प्रशिक्षण तोकडे आहे, बेवारस वस्तूचे काय करायचे हे मी एका जुन्या हवालदारांकडून शिकलो, वर्गात नव्हे. मेव्हण्यांनी टीका करायचीच तर यावर करावी, मी त्यांच्या बाजूने बोलेन.