किट कपाटात ठेवा, पोरं कारखान्यात न्या

प्रश्न : सोलापुरातल्या एका डिझाइन कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला शिकवते. यंदा इंटरॅक्टिव्ह प्रोटोटायपिंगचा विषय माझ्या गळ्यात पडलाय. आर्डुइनोचे, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डाचे, किट आलेत. ओहमच्या नियमापासून (व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट) सुरुवात केली, तर वर्ग पेंगला. मग एलईडी लुकलुकवला, टाळ्या पडल्या आणि गाडी तिथेच अडली. आता पोरं एआयकडून कोड लिहून आणतात; काय केलंय विचारलं की एकमेकांकडे बघतात. निम्म्या मुलांच्या घरी यंत्रमाग आहेत. कुठून सुरू करू?

उत्तर : ताई, यंत्रमागाचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. सुरुवात तिथूनच करा की! किट कपाटात ठेवा, किल्ली पर्समध्ये ठेवा आणि पोरांना एखाद्याच्या घरच्या कारखान्यात घेऊन जा.

ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला तर काय होतं, एवढंच बघायला सांगा. साध्या मागावर कामगाराची नजर हाच सेन्सर. नजर चुकली की कापडात रेघ पडत जाते. ज्या मागाला सोय असते, तिथे प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. वर्गात परत आलात की हेच करायला लावा. शिवणाचा दोरा, त्याला अडकवलेली लोखंडी यू-पिन, खाली जवळजवळ ठेवलेल्या दोन उघड्या तारा, दोन पेन्सिल सेल, करंट आवरणारा शंभर ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी. कात्रीनं दोरा कापला की दिवा लागला पाहिजे. पहिल्या झटक्यात लागत नाही. पिन हलकी असते, एकाच तारेला टेकते नाहीतर तिरकी पडते. मग कुणी पिनेला वजन बांधतं, कुणी तारा घासतं. कोडची एकही ओळ नाही, पण सर्किट म्हणजे काय ते हाताला कळतं.

(आणि कृपा करून ‘जॅकार्ड म्हणजे पहिला कॉम्प्युटर’ हे भोकांच्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या मागाचं भाषण देऊ नका. मागवाल्यांच्या पोरांना ते पाठ असतं.)

त्यानंतरही किट बाहेर काढायचं नाही. आधी सोंग : यंत्राचं काम माणसानं लपून करायचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या संशोधकांना बोललेलं टाइप करणारं यंत्र लोकांना कितपत झेपेल ते बघायचं होतं. यंत्र बनलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या खोलीत टायपिस्ट बसवला. माझ्याकडच्या एका गटाला चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानासाठी काहीतरी करायचं होतं : नमुन्याला हात लावला की पूर्ण चादर पडद्यावर दिसावी, म्हणजे दुकानदाराला घड्या मोडत बसायला नको. मी म्हटलं, पडद्यामागे एकजण बसा आणि गिऱ्हाईक नमुन्याला शिवलं की चित्र बदला. बसले. तर काय, गिऱ्हाईक नुसता हात लावतच नाही! ते कापड चिमटीत धरतं, उचलतं, उलटं करून मागची बाजू बघतं. हौसेनं टच सेन्सर घेतला असता तर पैसे पाण्यात. हवं होतं ते नमुना उचलल्याचं कळणं, आणि त्याला नमुन्याखाली ठेवलेला, उजेड पडला की कळणारा स्वस्तातला प्रकाश-सेन्सर पुरला.

आता कपाट उघडा. आर्डुइनो उनोवर त्या सेन्सरचा आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. तो स्क्रीनवर नुसता बघत बसू द्या. ट्यूबलाइट बंद केली, कुणी जवळ उभं राहिलं, की तो हलतो. कुठल्या आकड्याला ‘उचललं’ म्हणायचं, हे पोरांनीच ठरवायचं. खरं डिझाइन इथे आहे. रेझिस्टर का लागतो, हा प्रश्न आता तेच विचारतील. तेव्हा ओहमचा नियम फळ्यावर लिहा. पाच व्होल्टमधले साधारण दोन व्होल्ट लाल एलईडी घेतो, उरलेले तीन भागिले रेझिस्टरचे २२० ओहम, म्हणजे चौदा मिलिअँपियरच्या आत. उनो आर३ बोर्डाच्या पिनेला ते झेपतं.

एआयवर बंदी घालू नका, टिकणार नाही. परीक्षेला मात्र कोडमधला एक आकडा तुम्ही बदला आणि चालवण्याआधी काय होईल ते तोंडी विचारा. नाहीतर एका गटानं दुसऱ्याची एक तार गुपचूप काढायची आणि त्यांनी मल्टिमीटरनं, म्हणजे वीज मोजायच्या उपकरणानं, ती शोधायची. यात नक्कल चालत नाही.

मुलं ‘आम्ही काही इंजिनिअर नाही’ म्हणतील. त्यांना सांगा, आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत तयार झाला, तोही डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. त्याआधी तिथल्याच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं ‘वायरिंग’ नावाचा प्रबंध-प्रकल्प केला होता, त्याच्यावर हे उभं आहे. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, तुम्ही घ्या.

प्रश्न : टेक्स्टाइल डिझाइन शिकतेय. वीज वाहणारा धागा महाग पडतो. साडीच्या जरीनं सर्किट शिवता येईल का?

उत्तर : दिसायला धातू, पण हल्लीची बरीच जरी प्लॅस्टिकच्या पट्टीवर मुलामा देऊन, वरून लेप लावलेली असते. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकं लावून बघ. बहुतेक वेळा गप्प बसेल. खरा वाहक धागा थोडाच घे, मशीनच्या बॉबिनवर भर आणि साधा धागा वर ठेव. टाके संपले की धाग्याच्या लोंबत्या शेपट्या कापून टाक. दोन शेपट्या एकमेकींना लागल्या की शॉर्ट झालंच म्हणून समज.