स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस?

प्रश्न: बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा एक स्टेंट टाकला, त्याला आता आठ महिने होतील. अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू आहे. हाताला जरा काही लागलं की काळंनिळं होतं, त्यात आता दाढ काढायचीये, म्हणून ते म्हणतायत मला काही होत नाहीये तर दोन्ही बंदच करतो. चालेल का?

उत्तर: नाही, मनाने अजिबात बंद करू देऊ नका, एकही नाही. अटॅकनंतर स्टेंट बसला असेल तर दोन्ही गोळ्या साधारण 12 महिने द्यायची पद्धत आहे. अटॅक न येता, ठरवून अँजिओप्लास्टी केली असेल तर बहुतेकदा 6 महिने पुरतात, आणि ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त (अल्सर, कमी हिमोग्लोबिन, किडनीचा त्रास, खूप वय) त्यांचं डॉक्टर 1 ते 3 महिन्यांतही आटोपतात. म्हणजे शेजारच्या काकांची सहा महिन्यांत बंद झाली म्हणून आपलीही करायची, असं नसतं हो.

कारण असं की स्टेंट म्हणजे शेवटी धातूची जाळी, तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) तिथे चिकटून गुठळी करू शकतात, आणि हल्लीच्या औषधवाल्या स्टेंटवर हे अस्तर जरा सावकाशच चढतं. गुठळी झाली की स्टेंट अचानक बंद पडतो आणि थेट मोठा अटॅक येतो, आधी काही जाणवेलच असं नाही, त्यामुळे 'मला काही होत नाहीये' याला तसा अर्थ नाही. वर्षानंतरही थांबते ती सहसा एकच गोळी, दुसरी, बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन, पुढे चालूच राहते.

दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात, रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागतो एवढंच. फक्त डेंटिस्टला आधीच सांगा, आणि नंतर दुखलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या. हिरड्यांतून जरासं रक्त, काळेनिळे डाग हे या गोळ्यांवर होतंच, पण डांबरासारखी काळी शी झाली, उलटीत रक्त आलं किंवा डोक्याला जोरात मार लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं होतं, तसं असेल तर कार्डिओलॉजिस्टना दाखवा, आधी हृदय तपासून ते गोळी बदलूनही देतात. आणि टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते बरं का, संध्याकाळचीच हमखास राहते. राहिली तर पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही.