कंबरदुखीसाठी घरच्या घरी पिलाटीज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय ३८. चोपडा तालुक्यात आमची कपाशी आहे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कंबर धरते, सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं सरळ उभं राहता येत नाही. पाय दुखत नाहीत. फोनवर बघून पिलाटीज सुरू केलं. पाठीवर झोपून दोन्ही पाय वर धरायचे, डोकं उचलायचं आणि हात हलवायचे. चार दिवसांत दुखणं वाढलं. माझं काय चुकलं?

ताई, पिलाटीज म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हालचाल करत कंबर स्थिर ठेवण्याची व्यायामपद्धत. तुम्ही तिची सुरुवात शेवटाकडून केली. हा ‘हंड्रेड’ नावाचा व्यायाम. पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर, असे दहा फेरे, म्हणून शंभर. तयार शरीराला तो चांगला आहे, पण दुखऱ्या कमरेला नाही. मांडी उचलणारा एक मोठा स्नायू थेट कमरेच्या मणक्यांना जोडलेला असतो. दोन्ही पाय अधांतरी धरले की तो मणक्यांना पुढे ओढतो. पोटाचा खोल थर त्याला धरून ठेवू शकला नाही, की कमरेखाली कमान होते आणि सगळा ताण तिथेच बसतो. तो व्यायाम निदान दोन महिने बाजूला ठेवा. दोन्ही पाय एकदम उचलायचे, झटक्यात उठून बसायचे, चेंडूसारखे गडगडायचे प्रकारही नकोत.

आधी श्वास शिका. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण गाळतात, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं कमरेइतक्या अंतरावर आणि नितंबांपासून सुमारे दीड वीत लांब. डोक्याखाली टॉवेलची घडी. हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. चार आकडे नाकानं श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या. सहा आकडे तोंडानं सावकाश सोडा. सोडताना बेंबीच्या खालचा भाग हलकेच आत घ्या, लघवी धरून ठेवताना होतं तेवढंच. पूर्ण जोर लावू नका, पाव-तिहाई पुरे. पोट दगडासारखं लागलं किंवा बोलता येईना, तर जोर जास्त झालाय असं समजा. असे ८-१० श्वास.

आता कमरेची जागा. कमरेखाली बोटं जेमतेम सरकतील एवढीच फट हवी. मूठ जात असेल तर कमान जास्त आहे, आणि बोटंही जात नसतील तर कंबर जमिनीवर दाबली जातेय. ही जागा सापडली की बेंबीखाली स्टीलची एक पसरट वाटी ठेवा, अर्धी पाण्यानं भरून. श्वास सोडत एक पाय उचला, गुडघा काटकोनात आणा. श्वास घ्या, सोडत पाय खाली. मग दुसरा. पाणी छातीकडे कललं तर कंबर जमिनीवर दाबली गेली, मांड्यांकडे कललं तर कमान वाढली, एका कुशीकडे कललं तर कंबर त्या बाजूला फिरली. आरशापेक्षा ही वाटी खरं सांगते. प्रत्येक पायाला ६ वेळा. पाणी स्थिर राहीना तर पाय उचलूच नका, फक्त टाच सरकवत पाय लांब करा आणि परत आणा.

हे आठवडाभर जमलं की ‘ब्रिज’ घ्या. श्वास सोडत आधी कंबर जमिनीला टेकवा, मग एकेक मणका उचलत वर जा. खांद्याच्या पात्यांवर थांबा, मानेवर भार नको. उतरताना पाठ आधी, नितंब शेवटी. ८ वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर पावलं लांब पडली आहेत, दोन बोटं जवळ घ्या. त्यानंतर कुशीवर झोपून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा, प्रत्येक बाजूला १०. इथे कंबर मागे कलते आणि गुडघा जास्त उघडल्याचा भास होतो. भिंतीला पाठ लावून करा, म्हणजे चूक लगेच कळेल. शेवटी हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करा, पाच आकडे थांबा, मग बाजू बदला. दोन्हीकडे ५-५. पाय कमरेच्या रेषेपेक्षा उंच जाऊ देऊ नका.

सगळं मिळून १५-२० मिनिटं, आठवड्यातून ३-४ दिवस. फरक कळायला सहा ते आठ आठवडे द्या.

आणि झोळीचं. पोटापुढे बांधलेल्या झोळीत कापूस साठत जातो, तसा वाकलेल्या कमरेवरचा भार वाढत जातो. मजुरी किलोवर असते म्हणून बायका झोळी गच्च भरेपर्यंत थांबत नाहीत. अर्धी भरली की रिकामी करा. दर ओळीच्या शेवटी हात कमरेवर ठेवून पाचदा हळू मागे झुका. यात मिनिटही जात नाही.

प्रश्न: योगा मॅटच घ्यावी लागते का? घरात खाट आहे, गोधड्या आहेत.

खाट आणि गादी नको. कंबर त्यात रुतते, मग फट मोजताच येत नाही. फरशीवर जाड सतरंजी आणि तिच्यावर एक गोधडी, एवढं भरपूर झालं. ओणवं होताना सतरंजी सरकते, तेव्हा गोधडी काढून गुडघ्यांखाली तिची घडी घ्या. मॅट घेणारच असाल तर ८ ते १० मिलीमीटर जाडीची घ्या. पातळ मॅटवर माकडहाड टोचतं.

प्रश्न: वय ५२, धुळ्यात कार्यालयात बैठं काम. उजव्या नितंबापासून पोटरीपर्यंत कळ जाते, बोटांना मुंग्या येतात. आई म्हणते, ‘कंबर दुखस तर झोपी ऱ्हाय.’ पिलाटीज करू की झोपून राहू?

भाऊ, दोन्हीच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. मुंग्या म्हणजे मणक्यातून निघणारी नस दबत असण्याची शक्यता आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, हेही आधी तपासायचं. तरुण माणसाची कंबर रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल, तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो.

तपासणीत यांतलं काही निघालं नाही, तर दिवसेंदिवस झोपून राहण्यानं फायदा होत नाही, स्नायू मात्र ढिले पडतात. श्वास आणि एकेक टाच सरकवणं इथून सुरुवात करा. पुढे वाकायचे प्रकार तूर्त नकोत. दुखण्याला शून्य ते दहात गुण द्या. व्यायामात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पहिल्याइतकं खाली आलं पाहिजे. कळ पोटरीतून वर सरकत कमरेपाशी येत असेल तर घाबरू नका, ती सुधारणा मानतात. ती खाली पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा. खुर्चीत अर्ध्या तासाच्या वर सलग बसू नका.

प्रश्न: हे योगासनांहून वेगळं काय? आमच्याकडे पवनमुक्तासन, सेतुबंधासन करतातच.

ब्रिज आणि सेतुबंधासन सख्खी भावंडं वाटतात, हे खरं. जोसेफ पिलाटीज या जर्मन माणसानं (१८८३-१९६७) ही पद्धत बसवली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्थानबद्ध असताना त्यानं तिच्यावर काम केलं आणि पुढे ती न्यूयॉर्कमध्ये शिकवली. तो तिला ‘कंट्रोलॉजी’ म्हणे. आसनात बहुधा स्थितीत थांबायचं असतं, इथे श्वासाबरोबर सावकाश हालचाल करायची आणि तेवढ्यात कंबर हलू द्यायची नाही. कंबरदुखीवर पिलाटीज इतर व्यायामांहून सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. तुमची आसनं नियमित चालू असतील आणि त्यांनी बरं वाटत असेल, तर बदलायची गरज नाही.

प्रश्न: मे महिन्यात जळगावच्या उन्हात कधी करावं?

पहाटे, पण उठल्या उठल्या नाही. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो. अर्धा-पाऊण तास घरात वावरा, पाणी प्या, मग सुरू करा. पारा ४४-४५ वर गेलेला असताना दुपारी पत्र्याच्या खोलीत अजिबात नको. संध्याकाळी करायचं तर गच्ची निवल्यावर, जेवणाआधी. भाकरी-भाजी पोटभर झाली असेल तर दोन तास जाऊ द्या, नाहीतर पोट आत घेता येत नाही आणि श्वास अडतो.