वाचकांचे प्रश्न : जुन्या रेसिंग गाड्यांच्या प्रतिकृती आणि धातूचे सुटे भाग

प्रश्न : मर्सिडीज एसएसके १:२४ प्रमाणात बांधतो आहे. बॉनेटमधून बाहेर येणाऱ्या तीन लवचीक एक्झॉस्ट नळ्या तांब्याच्या जाड तारेवर बारीक तार गुंडाळून केल्या. सरळ असताना सुरेख दिसतात; वाकवल्या की वेढे फाकतात आणि आतली लाल तार उघडी पडते. काय चुकतंय? – रामबाग, इंदूर

उत्तर : पद्धत योग्य आहे, क्रम चुकतोय. तुम्ही बहुधा दोन्ही टोकं आधी सोल्डर करून मग नळी वाकवता. वळणाची आतली बाजू आखूड होते, तिथले वेढे एकमेकांना आधीच चिकटलेले असतात आणि टोकं बंद असल्यामुळे त्यांना सरकायला वाट नसते. मग एखादा वेढा दुसऱ्यावर चढतो आणि सगळी फट एकाच जागी गोळा होते.

एकच टोक पक्कं करा. दुसरं मोकळं ठेवलं की वेढे वळणातून बाहेर सरकतात आणि फट सगळीकडे सारखी वाटली जाते. ती अगदी नाहीशी होणार नाही. ३ मिमी जाडीची नळी १२ मिमी त्रिज्येत वळवली तर बाहेरच्या बाजूला दर वेढ्यामागे सुमारे ०.०९ मिमी फट राहतेच. पण एवढी सारखी फट डोळ्याला खुपत नाही, उलट खऱ्या नळीच्या कड्यांसारखी दिसते.

मापं अशी घ्या. आत १३ नंबरची (एसडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) तांब्याची तार, म्हणजे २.३४ मिमी. वर ३० नंबरची, ०.३१५ मिमी. दोन्ही मिळून २.९७ मिमी होतात. ४० मिमी लांबीला सव्वाशेच्या आसपास वेढे बसतात आणि त्यांना एक मीटरहून थोडी जास्त तार लागते. हातात धरायला धरून दर नळीमागे दीड मीटर कापा. वरच्या तारेसाठी मोटार वाइंडिंगची तार टाळा. तिच्यावरच्या इनॅमलला सोल्डर धरत नाही. कथिल चढवलेली तांब्याची फ्यूज वायर घेतलीत तर रंगही चंदेरी मिळतो आणि प्लेटिंगची गरज उरत नाही. १३ नंबर नेमका मिळाला नाही तर थोडी जाड तार सोनाराच्या जंत्रीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढून घ्या.

आतली तार लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, म्हणजे ती नरम होते. घासून लख्ख करा आणि तिच्यावर सोल्डरचा अगदी पातळ थर द्या. हा थर दोन कामं करतो : फटीतून लाल तांबं दिसत नाही, आणि नळी वाकवून झाल्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून गरम केलं की तेच सोल्डर वितळून वेढे आतून धरून ठेवतं. थर जाड झाला तर वेढ्यांमधल्या खाचा भरतात आणि नळी गुळगुळीत दिसू लागते. मग ती खरवडून सुधारत नाही, नवीच करावी लागते. तार गुंडाळताना आतल्या तारेचं एक टोक हँड ड्रिलच्या चकमध्ये धरा, ड्रिल सावकाश फिरवा आणि बारीक तार चामड्याच्या तुकड्यात दाबून ताण ठेवा.

आपल्या इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेल्या ड्यूसेनबर्ग एसजेलाही बॉनेटबाहेर अशाच नळ्या आहेत. ती रेसिंगची गाडी नव्हे, पण इथे कुणी तिची प्रतिकृती करायला घेतली तर आम्हाला मनापासून आनंद होईल. नळ्यांची रीत हीच.

प्रश्न : बुगाटी टाइप ३५ च्या बॉनेटवरचे लूव्हर (हवा खेळायच्या उचललेल्या फटी) ॲल्युमिनियमच्या पत्र्यात दाबले, तर पत्रा फाटतो किंवा सगळा वाकडातिकडा होतो. – लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पत्रा फाटतो तो कडकपणामुळे. ऑफसेट छपाईच्या वापरलेल्या प्लेटा घ्या, छापखान्यात त्या रद्दीच्या भावात मिळतात. ०.१५ मिमीची निवडा. पत्र्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढा आणि मागून ज्योत फिरवा. रेघ तपकिरी-काळी झाली की थांबा. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं. म्हणून साबणाकडेच लक्ष ठेवा.

ठोकू नका, दाबा. लूव्हरची एक बाजू कापली जाते आणि दुसरी फुगते, म्हणून पंचाची एक कड धारदार व सरळ हवी, दुसरी गोलसर. काँक्रीटच्या खिळ्याचं टोक घासून असा पंच होतो. खाली पितळेच्या जाड पट्टीत खाच पाडा. तिची कापणारी कड पंचाला घासून जायला हवी. तिथे ढिलाई राहिली की पत्रा कापला न जाता ओढला जातो आणि फाटतो. पंच ड्रिल स्टँडमध्ये बसवून लिव्हरने दाबला की प्रत्येक लूव्हरची खोली सारखी येते.

पत्रा वाकडा होतो कारण प्रत्येक लूव्हर आजूबाजूचा धातू थोडा आत ओढतो. म्हणून चारही बाजूंनी १० मिमी पत्रा जास्त ठेवा, सगळे लूव्हर दाबून घ्या, मग कडा कापा आणि गोलाई सर्वांत शेवटी द्या. दाबताना रांगेच्या मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा.

अजून एक. ०.१५ मिमी पत्रा १:२४ मध्ये म्हणजे खऱ्या गाडीवर ३.६ मिमीचा. लूव्हरची उघडी कड मागच्या बाजूने बारीक कानसेने पातळ केली नाही, तर सगळी मेहनत खेळण्यातल्या गाडीसारखी दिसते. टाइप ३५ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर, म्हणजे तुमच्या प्रतिकृतीत बरोबर १०० मिमी. बॉनेटची आखणी त्यावरूनच मोजत जा.

प्रश्न : सस्पेन्शनचा दुसरा जोड सोल्डर करताना पहिला सुटतो. – तुकोगंज, इंदूर

उत्तर : दोन्हीकडे एकच सोल्डर वापरलं की असंच होणार. कागदावर आधी जोडांचा क्रम लावा, जास्त उष्णतेचा जोड पहिला. पहिले जोड चांदीच्या डागाचे (चांदी मिसळलेल्या, जास्त उष्णतेला वितळणाऱ्या सोल्डरचे), फ्लक्स म्हणून टाकणखार लावून, साधारण ६५० ते ७०० अंशांवर. पितळ ९०० च्या वर वितळतं, म्हणून ज्योत हलती ठेवलीत तर धोका नाही. त्यानंतरचे जोड ६०/४० (कथिल-शिसं) सोल्डरचे, ते १८३ ते १९० अंशांत वितळतं. दोन जोड अगदी जवळ असतील तर पहिल्यावर ओला कापूस ठेवा.

हा क्रम उलटा करता येत नाही. शिसं-कथिल लागलेला भाग लाल केला तर ते पितळेत शिरतं आणि भाग खडबडीत, ठिसूळ होतो. चांदीचा डाग सराफ्यात दिवसा मिळतो. घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे स्पष्ट विचारून घ्या, त्याचा धूर फुफ्फुसांना घातक आहे. डागानंतरचा काळपटपणा लिंबूसताच्या कोमट पाण्यात निघतो, एका लिटरला १०० ग्रॅम. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, पितळेवर तांब्याचा लाल थर बसतो. बांबूचा चिमटा चालेल.

प्रश्न : फेरिक क्लोराइडने ०.२ मिमी पितळी पत्रा कोरला, कडा कुरतडल्यासारख्या आल्या. उरलेलं द्रावण कुठे टाकू? – राजवाडा, इंदूर

उत्तर : एकाच बाजूने कोरल्यामुळे द्रावण रेघेच्या खाली आडवंही खात गेलं. दोन्ही बाजूंना आरशासारखं जुळणारं चित्र उठवा, पत्रा उभा टांगा, द्रावण ४० ते ४५ अंश ठेवा आणि ०.२ मिमीपेक्षा बारीक रेघ काढू नका.

द्रावण मोरीत किंवा नाल्यात टाकू नका, त्यात तांबं विरघळलेलं असतं. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फेस जोरात येतो, म्हणून बादली अर्धीच भरा. फेस यायचा थांबला की रात्रभर ठेवा. तळाशी बसलेला गाळ कापडाने गाळून वाळवा आणि बंद डब्यात भरून घातक कचऱ्यात द्या.